तोंड धुवायची ट्यूब

आमची शाळा उंद्रीहून चिखलीकडे जाणाऱ्या जीपा जिथे थांबतात त्याच्या अलीकडे. दोन शिक्षक, सत्तेचाळीस मुलं आणि खिचडी शिजवायला चांगुणाबाई. अकरा वर्षं झाली त्यांना. पातेलं एकदा हातात आलं की त्याची खैर नसते. नारळाची शेंडी, राख आणि वरून कपड्याचा साबण. माझा गणिताचा तास चालू असताना मागून घसाघस आवाज सुरू झाला की मी खिडकीतून ओरडते. त्या मान वर न करता म्हणतात, "झालंच, मॅडम." होत मात्र कधीच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या सोयाबीनच्या मळणीवर गेल्या. थ्रेशरची धूळ सगळ्यांच्याच अंगाला खाजते, पण यांचं तोंड लालबुंद झालं. बाईंनी त्यावर त्यांना ठाऊक असलेला एकच इलाज केला. तीच शेंडी, तोच साबण. शाळा उघडली तेव्हा दोन्ही गाल सोलवटले होते, हनुवटीला भेगा पडून त्यातून पाणी येत होतं.

दोन दिवसांत पालक दारात आले. "बाईचं तोंड पायलं का? लेकराच्या ताटात काय पडन?" शाळा समितीचे अध्यक्ष भगवंतराव यांनी बैठक घेतली. पंधरा दिवसांत डॉक्टरांचा कागद आणावा, तोवर गावातलीच छाया नावाची बाई शिजवेल. कागद आला नाही तर छायाच कायम. चांगुणाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. नवरा नाही, शेत नाही. मळणी महिनाभराची, खिचडी वर्षभराची. हे काम गेलं तर पुढे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मीच त्यांना जीपने चिखलीला कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हे पसरणारं नाही. धूळ लागली आणि वरून तुम्ही घासलं. पण जखमा उघड्या असताना स्वयंपाक करा असं मी लिहून देणार नाही." त्यांनी एक मलम दिलं आणि एक पांढरी ट्यूब. "सकाळ-संध्याकाळ याने तोंड धुवायचं. अजिबात घासायचं नाही. बारा दिवसांनी दाखवा." बाहेर आल्यावर मीही तेच दोनदा बजावलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

आठव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तर तोंड आधीपेक्षा वाईट. माझा पारा चढला. "ट्यूब वापरता की नुसती फळीवर ठेवलीय?"

"काऊन नाही वापरणार? दोन टाइम तोंड धुऊन राह्यले. अर्धी सरली, पाहा."

"मग फरक का नाही?"

"आता मले काय मालूम! चव तं इतकी कडू हाय, मॅडम, का चहाबी गोड लागत नाही. अन फेस थुकता थुकता जीव जाते."

मी आधी हसले. मोठ्याने हसले, हे कबूल करते. मग त्यांचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

चूक त्यांची नव्हतीच. आमच्याकडे सकाळी उठून तोंड धुतात म्हणजे दात घासतात. मीही पोरांना रोज विचारते, "तोंड धुऊन आलास का बे?" आणि दातच बघते. चेहरा फोटोत असतो, तो कुणी धूत नाही. बाईंनी ट्यूब बोटावर घेतली, डॉक्टरांनी घासू नका म्हटलं म्हणून दातांना नुसती लावली आणि चूळ भरली. गालांबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं, म्हणून गाल आपले शेंडीने घासणं चालूच.

मी पदर खोचला आणि त्यांना मोरीपाशी बसवलं. आधी माझे हात साबणाने धुतले, मग त्यांच्या तोंडावर कोमट पाणी. ट्यूबमधलं हरभऱ्याएवढं तळहातावर घेऊन पाण्यात फेसलं आणि बोटांच्या टोकांनी कपाळावर, नाकाच्या बाजूंना, गालांवर हलकं फिरवलं. हनुवटीच्या भेगांवर तर नुसतं टेकवलं. भरपूर पाण्याने धुतलं. त्या पदराने पुसायला लागल्या तेव्हा हात धरला. त्याच पदराने त्या गरम पातेलं उतरवतात. धुतलेलं सुती फडकं घेऊन टिपलं, मग मलम लावलं.

त्या डोळे मिटूनच बसल्या होत्या. म्हणाल्या, "लग्नात हयद लावली, तवापासून कोनं हात नाही लावला तोंडाले."

मी फडकं पिळत बसले.

उरलेले दिवस त्यांनी तसंच केलं. शेंडी फक्त पातेल्यासाठी. भेगा मिटल्या, लाली उतरली, डाग राहिले. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी कागद दिला. पंधराव्या दिवशी समितीत भगवंतरावांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "हाव, ठीक हाय. सोमवारपासून या."

मला वाटलं, बाई हात जोडतील. त्या दारातून आत आल्या आणि माझ्यासमोरच्या वहीकडे बोट केलं. "मागच्या मीटिंगचं काय लिवलं यात? वाचा बरं."

ती वही मी लिहिते. मी वाचलं, "स्वयंपाकी बाईंना अस्वच्छतेमुळे कामावरून थांबवण्यात येत आहे." माझंच अक्षर. पालक असं म्हणालेही नव्हते, लिहिताना मला सोपा वाटला तो शब्द मी टाकला होता. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

"खोडा," त्या म्हणाल्या.

"समितीच्या वहीत खोडता येत नाही हो, चांगुणाबाई."

"मंग खाली लिवा."

भगवंतराव खिडकीबाहेर बघायला लागले. मी पेन उघडलं. "काय लिहू?"

"लिवा, बाई घाण नोती. बाईले कोनं सांगतलं नोतं."

मी तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. खाली सही केली आणि वही भगवंतरावांकडे सरकवली.