पहाटे आलेल्यांची बाजू

आमच्या गावचा मोटाररस्ता कोणी केला असं आज कुणालाही विचारा, माझ्या मामेभावाचं नाव सांगतील. मी ते नाव इथं लिहिणार नाही. ते पुष्कळांच्या तोंडी आहे, त्यात माझी भर नको. घडलं ते लिहितो, आणि कुठल्या बाजूने लिहितो तेही आधीच सांगून टाकतो. द्राक्षमळ्याचा दृष्टांत आम्हा ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकवतात. मालकाने पहाटे मजूर लावले, दुपारी लावले, दिवस मावळताना आणखी लावले, आणि सगळ्यांना मजुरी सारखीच दिली. पहाटेचे मजूर कुरकुरले तर मालकाने त्यांनाच गप्प केलं. रविवारच्या शब्बाथशाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हापासून मी पहाटेच्या मजुरांच्या बाजूचा आहे. अजूनही आहे.

गाव रिह्याच्या खोऱ्यातलं, भाताचं. तेव्हा गाडीवाट होती, ती पावसाळ्यात खाचरासारखीच व्हायची. आजारी माणूस झोळीत घालायचं, झोळी बांबूला अडकवायची आणि पौडाच्या दवाखान्याकडे निघायचं. ओढा चढलेला असला तर अलीकडेच बसून राहायचं. माझे वडील एका पावसात असे ओढ्याच्या अलीकडेच गेले. त्यामुळे रस्त्याचं महत्त्व मला कोणी पुढाऱ्याने शिकवावं लागलं नाही.

खालच्या आळीत आमची ख्रिस्ती घरं थोडी, आज्याच्या वेळेपासूनची. इंग्रज गेला तेव्हा मी शाळेत होतो, आणि तेव्हापासून एक वाक्य ऐकत आलो. "साहेब गेला, तुमी कदी जानार?" विचारणारा हसून विचारायचा. मला हसू यायचं नाही. भात आम्ही लावतो, सारा आम्ही भरतो, आणि जायचं कुठं? पुढं पुण्याला एका छापखान्यात खिळे जुळवायला राहिलो. दिवसा लग्नपत्रिका, संध्याकाळी चळवळीची पत्रकं. वाक्य आखूड ठेवायचं आणि समोरच्याला पळवाट ठेवायची नाही, एवढं मी त्या पत्रकांकडून शिकलो. छापखाना बंद पडला तेव्हा तेवढंच घेऊन गावी आलो.

त्याच सुमाराला तालुक्याच्या विकास ब्लॉकचे अधिकारी गावात येऊन सांगून गेले की माती-मुरमाचं काम गावाने श्रमदानाने करावं, ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जायला मोरी लागेल, तिचे नळ सरकार देईल. चावडीवर बैठक भरली. वार कोणता ठेवायचा यावर सगळे एकमेकांकडे बघत बसले. मी उभा राहून म्हणालो, "रविवार. पहाटेपासून."

गाव चकित झालं. आमची आळी जास्त चकित झाली. पण माझा हिशेब सरळ होता. रविवारी शाळामास्तर मोकळे, खडकीच्या कारखान्यात जाणारे घरी. आणि रविवार एका ख्रिस्ती माणसानेच सुचवला म्हणजे आम्हाला विचारलं जाणारं ते वाक्य कायमचं बंद होणार. देशाचं काम हीच उपासना, असं मी मानत होतो. ते मी अजून मागे घेतलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पौडाहून आमचे उपदेशक सायकल ढकलत घरी आले. उंच, वाकलेले, हळू बोलणारे गृहस्थ, आळीत सगळे त्यांनाही मास्तरच म्हणत. आईने चहा टाकला.

"आठवड्याला वार सात," ते म्हणाले. "तुला हाच सापडला?"

"मास्तर, गावाला तोच सोयीचा आहे."

"आणि उपासनेतली तुझी जागा?"

"देवाला सांगा, तो रस्त्यावर आहे."

"देवाला ठाऊक असेल रे. सतरंजीवर तुझ्या शेजारी बसणाऱ्याला काय सांगू, ते विचारतोय."

शेजारी बसणारा म्हणजे हा मामेभाऊ. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. अंगाने भरलेला, पानाने ओठ लाल, आणि प्रार्थनामंदिरात पेटी वाजवायचा मान त्याचा. गावात सगळे त्याला पेटीवाला म्हणत. सूर मधून मधून चुकायचा, तेव्हा तो स्वतःच आधी हसायचा, मग सगळी मंडळी हसायची. मी कधी चुकीचं कडवं धरलं तर कोणी हसत नसे. नुसते बघत.

दादा म्हणाला, "मला पहाटे जमायचं न्हाई बाबा. उपासना सुटल्यावर येतो."

"म्हणजे ऊन वर आल्यावर. लोक दमल्यावर."

"दमल्यावरच मानूस लागतंय की."

पहिल्या रविवारी मी तांबडं फुटायच्या आधी टिकाव घेऊन, रस्त्यासाठी फोडायची होती त्या खिंडीशी हजर होतो. मागोमाग पाटील आले, शाळामास्तर आले, डोंगरावरच्या वाडीतली माणसं आली. मी कामाच्या जोड्या लावल्या, कोणी खणायचं, कोणी घमेली उचलायची ते सांगितलं. आमच्या आळीतला मी एकटा. खाली प्रार्थनामंदिरापुढे टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले तेव्हा पाटील म्हणाले, "तुमची घंटा झाली." मी टिकाव उचलला आणि जोरात हाणला. मला वाटलं, हे सगळ्यांनी पाहिलं असेल.

ऊन तापलं, लोक सावल्या शोधायला लागले, आणि खालून गाणं ऐकू आलं. आमची अख्खी आळी चढण चढून येत होती. धुतलेले कपडे, डोक्यावर पाट्या, पुढं दादा झांजा वाजवत. भजन तेच, आत्ता उपासनेत म्हटलेलं. पण टिकावाच्या ठेक्यावर बसेल असं त्याने ते संथ केलं होतं. आल्या आल्या माणसं रांगेत घुसली. दमलेले लोक उठले. घमेली हातोहात पळायला लागली. वाडीवरची माणसं, ज्यांना त्या भजनातला एक शब्द ठाऊक नव्हता, तीसुद्धा शेवटची ओळ ओढून म्हणू लागली. दुपारी आईने भाकरी सोडल्या. पहिली भाकरी तिने दादाच्या हातावर ठेवली.

"घामेजलाय बिचारा," ती म्हणाली.

मी पहाटेपासून घामेजलेला होतो. माझा घाम तोवर वाळला होता, हाच काय तो माझा गुन्हा.

पुढच्या रविवारी पहाटे लोक कमी. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. पाटलांना विचारलं तर म्हणाले, "येतील की. गानारी येत्यात तवा येतील." वाडीवरची एक बाई होती, मुरमाच्या पाटीला तिच्याइतका वाकबगार हात दुसरा नव्हता आणि जिभेलाही नव्हता. तिला मी सरळ विचारलं, "मावशी, तुम्हीपण उशिरा?"

"तुमच्यासंगं काम केलं की हात दुकत्यात," ती म्हणाली. "त्येच्यासंगं केलं की गळा दुकतो. हातापायी दुसऱ्या दिशी मजुरी बुडती, गळ्यापायी बुडत न्हाई."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. छापायला पैसे नव्हते, म्हणून मोठ्या अक्षरांत हाताने लिहून एक चावडीच्या भिंतीला लावलं आणि एक प्रार्थनामंदिराच्या दाराला. लिहिलं होतं: सकाळ देवाला आणि उरलेली दुपार देशाला? हात जोडून खिंड फुटत नाही. रविवार देवाचा म्हणता, मग ओढा कोणाचा? नाव कुणाचंच घेतलं नव्हतं. गरजच नव्हती.

मला वाटलं, दादा चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. रविवारी वर येताना त्याच्या तोंडी नवंच गाणं होतं. "रविवार देवाचा, मग ओढा कोनाचा?" तो विचारायचा, आणि सगळी आळी उत्तर द्यायची, "आमचा! आमचा!" माझी आई त्यात. उपदेशक मास्तर धोतराचा काचा मारून त्यात. वाडीवरच्या त्या मावशीने दुसऱ्या खेपेलाच चाल उचलली. माझी वाक्यं आखूड होती, ठेक्यात चपखल बसली. दिवसभर माझ्याच शब्दांवर खिंड फुटत होती आणि तोंडं सगळी दादाकडे होती.

"कसं जमलंय?" घाम पुसत त्याने मला विचारलं. "तुझंच हाय. लई झ्याक लिवतोस तू."

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. मी ती फार शोधली.

खिंड फुटली, ओढ्यापर्यंत मुरूम पडला, आणि पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. खालच्या आळीच्या आणि वाडीच्या वाट्याची एक जागा होती. गाव म्हणालं, भांडणं नकोत, बिनविरोध करू. मला ती जागा हवी होती. उगीच आढेवेढे घेत नाही, हवी होती. मोरीचे नळ अजून यायचे होते. ते येईपर्यंत तालुक्याला खेटे घालणारा माणूस पंचायतीत पाहिजे होता. साहेबापुढे न कचरता बोलणारा, अर्ज लिहिता येणारा. आणि कोण कधी जाणार असं विचारणाऱ्यांच्या शेजारी, त्यांच्याच सतरंजीवर, पंच म्हणून मला बसायचं होतं.

चावडीवर पाटलांनी विचारलं, "खालून कोन?"

"पेटीवाला," मावशी म्हणाली. आणि मग जो तो तेच म्हणाला.

दादा पान चघळत होता. "मला रविवारच्या सकाळी बैठकीला बोलवायचं न्हाई," तो म्हणाला. "तेवडं कबूल आसंल तर बगा."

"कबूल," पाटील म्हणाले. असं झटकन. मी सारा उन्हाळा रविवारची जी सकाळ गावाला दिली, ती गावाने एका शब्दात त्याला परत देऊन टाकली.

मी उठलो. "पहाटे पहिला टिकाव कोणाचा पडला?"

"तुमचा," पाटील म्हणाले.

"रविवार कोणी सुचवला? ब्लॉकच्या साहेबांना अर्ज कोणी लिहिले? उपासना कोणी सोडली?"

"तुमीच की. कोन न्हाई म्हनतंय? पन येक सांगू का, राग मानू नका. काम करताना तुमी आमच्याकडं बगत आसता. त्यो बगत न्हाई."

"कोण आलं, कोण नाही, हे कुणीतरी बघायला नको?"

"बगावं. पन बगून घेनाऱ्याफुडं मानूस आवगडतंय."

मावशी मध्येच म्हणाली, "आन् आमच्यापायी आपला देव सोडला म्हनता. उंद्या दुसऱ्या कुनापायी आमाला सोडलं तर?"

हे खोटं होतं. मी देव सोडला नव्हता, फक्त सतरंजी सोडली होती. नागरिक म्हणून केलेलं काम देवाच्या खात्यात जमा होत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? कैसराचं, म्हणजे राजाचं, आणि देवाचं वेगळं करा म्हणतात, पण ओढ्यात अडकलेली झोळी कोणाची? हे सगळं मी चावडीवर बोललो. चांगलं बोललो. ऐकून घेतलं लोकांनी.

तेव्हा दादा उठला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आरं, तुला बसायचंय का? मग तू बस की! मला काय, माजी पेटी हाय."

इतकं सोपं. उरलेली भाकरी पुढं करावी तसं. ज्या जागेसाठी मला झोप नव्हती ती त्याने हातात घेऊनसुद्धा पाहिली नव्हती, आणि म्हणून ती त्याची होती. अंगाचा नुसता जाळ झाला. त्याला पेटी होती, सूर होता, माझी आई होती, गाव होतं, आणि देवही रविवारी सकाळी ठरल्या वेळी भेटत होता. यांतलं एकतरी त्याने मागून घेतलं होतं का?

"मला दान नको," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. तो पंच झाला.

नव्या पंचायतीने पहिलाच ठराव केला की श्रमदान रविवारी उपासना सुटल्यावर सुरू होईल. शब्द चक्क असेच, गावच्या दप्तरात. त्यामुळे ठरावानंतरच्या पहिल्या रविवारी पहाटे मला कुठंच काम नव्हतं. टोले पडले. आई दारात थांबली. मी सदरा चढवला.

सतरंजीवर माझी जागा होती तिथंच होती. दादाने पेटीवरून मान हलवून मला बस म्हटलं. भजन झालं, वचन झालं, आणि उपदेशक मास्तरांनी डोळे मिटून प्रार्थना धरली. सरकारसाठी, पावसासाठी, आणि "आमच्या या नव्या पंचासाठी, बापा, की त्याच्या हातून मोरी होऊ दे." सगळे आमेन म्हणाले. मी म्हणालो नाही. आईने कोपराने ढोसलं.

मग गुपचूप प्रार्थनेची वेळ आली, ज्याने त्याने मनात बोलायची. मला देवाशी गोड बोलता येत नाही. मी पत्रकात लिहितो तसंच बोललो. म्हटलं, पुढच्या खेपेला ती जागा मला पाहिजे. त्याच्यापेक्षा मी ती जास्त मागितली आहे. एवढ्यावर थांबवेना. मोरी त्याच्या हातून होऊ देऊ नकोस, माझ्यासाठी राहू दे, हे शब्द ओठांशी आले होते. पण वर आभाळ भरून येत होतं, आणि ओढ्याच्या अलीकडे बसून राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी दात आवळून म्हटलं, होऊ दे, त्याच्या हातून तर त्याच्या हातून, या पावसाच्या आधी. आमेन.

शेजारी दादाने भाता दाबला आणि पुढच्या भजनाचा सूर चुकला. सगळे हसले. मी हसलो नाही.