साहेबरावच्या घरचं पाणी

जळगाव स्टेशनावर उतरलो तेव्हा सकाळच होती, पण फलाटाची फरशी चपलेच्या तळव्यातून पोळत होती. खांद्याला शबनम, हातात सुतळीने बांधलेला पत्रकांचा गठ्ठा. पत्रकाचं नाव होतं 'न दिसणारं विष'. मजकूर माझा. त्यातली काही वाक्यं मला तेव्हा तोंडपाठ होती, आणि बऱ्यापैकी आवडतही होती.

खान्देशात अणुवीज केंद्र नाही, मग तू तिकडे काय करणार, असं पुण्यात बऱ्याच जणांनी विचारलं होतं. केंद्र नाही, पण माणसं आहेत. सिनेमाच्या आधी दाखवतात त्या सरकारी माहितीपटात पांढरे डगले घातलेले साहेब असतात, चकचकीत घुमट असतो आणि दिव्याखाली अभ्यास करणारी मुलगी असते. आतला पाइप गळायला लागला की तो पुसायला या तिघांपैकी कोणी जात नाही. त्यासाठी ठेकेदाराची माणसं लागतात. ती सातपुड्याच्या पायथ्याकडून येतात, कारण उन्हाळ्यात तिथल्या कोरडवाहू रानात हाताला काम नसतं. लांबच्या एका केंद्रावर यावल तालुक्यातून अशी एक टोळी गेली होती. तिच्यातल्या साहेबराव नावाच्या पोराची हकिगत आमच्या चळवळीतल्या जळगावच्या सरांनी लिहून पाठवली आणि मी तिचं पत्रक केलं, गावाच्या नावासकट. आता बाकीच्यांच्या हकिगती घ्यायला मी आलो होतो.

सर मेहरूण तलावाजवळ राहतात, शाळेत विज्ञान शिकवतात. तलावाचं पाणी खूप आत सरकलं होतं, काठचा चिखल भेगाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. दुपारी सरांनी हौसेने खानावळीत नेलं. शेवभाजी आली. वर बोटभर तेलाचा तवंग, खाली लाल जाळ. आपण कुठे कमी पडतो म्हणून मी दुसरी वाटीही घेतली. पुढचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या घरच्या वहिनींनी पाणी उकळून, गार करून माझ्या बाटलीत भरलं आणि बजावलं, हे सोडून कुठलंही पाणी प्यायचं नाही आणि केळ्याशिवाय काही खायचं नाही. मी आज्ञाधारकपणे मान हलवली. या सल्ल्यात वाईट काय असणार?

यावलची एसटी तापीचा पूल ओलांडून गेली आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. बाहेर रखरखाट आणि बागेत गारवा, असा तो प्रदेश. मी गाडीत पत्रकं वाटली. शेजारच्या टोपीवाल्या बाबांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि विचारलं, "मंग लाईट नको का तुम्हाला?"

मी म्हटलं, लाईट हवी, पण माणसं मारून नको.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आमची मोटार रात्री दोन तास चालते. केळीला पानी तुमचा कागद देईन का?"

मागची दोन बाकं हसली. कंडक्टरने तिकिटाचा चिमटा वाजवत मला दिलासा दिला, की हे बाबा सगळ्याच पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारतात. मी पुढारी नाही हे सांगेपर्यंत यावल आलं.

तिथून दुसरी, अर्धी रिकामी गाडी. बागा संपल्या, मुरमाड रान लागलं, आणि सातपुडा समोर नुसता करपलेला उभा. साहेबराव फाट्यावर घ्यायला आला होता. तेवीस-चोवीस वर्षांचा, धट्टाकट्टा, पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशा झाली. पत्रकातला साहेबराव मी मनात खंगलेला रंगवला होता.

घरात त्याचे वडील (त्यांना आबा म्हणतात) आणि आई. सगळे तिला अक्का म्हणतात. अक्कांनी भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) थापली होती. वांगी भाजल्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. मी पोटाची अडचण सांगितली. बरं, म्हणाल्या, आणि तांब्या पुढे केला. "पानी तरी घ्या, भाऊ." मी पिशवीतली बाटली काढून दाखवली. अक्कांनी तांब्या तसाच उचलला आणि आत नेला. आबा दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं, उन्हाने दमले असतील.

मग साहेबरावने कामाची रीत सांगितली. सगळ्यांना रबरी कपडे चढवून रांगेत उभं करायचे. गळती कुठे आहे ते आधी कागदावर दाखवायचे. मग एकेकाने आत पळत जायचं, दोन-चार आटे आवळायचे किंवा फडक्याने पुसून घ्यायचं आणि मुकादमाने शिट्टी मारली की पळत बाहेर. मग पुढचा. छातीला एक बिल्ला असायचा. किती किरणं अंगात गेली ते त्यावरून समजतं. बिल्ला भरला की त्या माणसाला काम बंद. म्हणून मुकादम आत जाताना बिल्ले काढून बाहेर खुंटीला टांगायला सांगायचा.

"आणि तुम्ही टांगायचात?" मी विचारलं.

"काम बंद झालं असतं ना भाऊ. आम्ही मुकादमाच्या आधी टांगायचो."

माझा संताप झाला. याच्या अंगात काय गेलं याचा जगात कुठेही पुरावा नाही! बिल्ला खुंटीला टांगलेला, आणि खुंटी सुखरूप. मी भराभरा लिहून घेत होतो. साहेबराव थांबला आणि म्हणाला, लिहिणं पुरे, आता माझं काम ऐका.

केंद्रावर जाण्याआधीच त्याची सुपारी फुटली होती. मुलगी नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली. लग्न याच उन्हाळ्यात व्हायचं. माझं पत्रक तिकडे पोचलं. पारावर कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. त्यात वाक्य होतं, 'हा तरुण गावी परतला तो विष अंगात घेऊन.' तेव्हापासून मुलीकडचे तारीख धरायला तयार नाहीत. गावातल्या बायकांनीही अक्कांकडे हळदी-कुंकवाला येणं कमी केलं होतं. आल्या तरी कोणी पाणी घेत नाही, असं तो अगदी सहज म्हणाला.

"तुम्ही लिहिलं, आता तुम्हीच सांगा त्यासला. माणूस चांगला आहे म्हणून."

मी म्हटलं, सांगतो. किरणं काही खरजेसारखी एकाची दुसऱ्याला लागत नाहीत, हे शास्त्र आहे, ते मी कोणालाही सांगू शकतो. आबांनी तिथेच हात जोडले. मला अवघडल्यासारखं झालं.

एक दिवस जळगावला वहिनींचा ताक-भात खाऊन पोट ताळ्यावर आलं. तिसऱ्या दिवशी आबा आणि साहेबराव पहिल्या एसटीने आले आणि आम्ही सुरतेकडची पॅसेंजर धरली. साहेबरावच्या खांद्याला छागल (कॅनव्हासची पाण्याची पिशवी) होती, घरून भरून आणलेली. त्याने ती खिडकीच्या गजाला अडकवली. वाऱ्याने पाणी गार होत होतं, ठिबकत होतं. अमळनेरच्या पुढे माझी बाटली संपली. मागावं असं मनात आलं, पण म्हटलं, बाटली तर लगेच कुठेतरी भरता येईल. त्यानेही विचारलं नाही. एकदा नाही म्हटलेल्याला तो परत विचारणारा नव्हता.

नरडाण्याला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर. स्टेशनाच्या पलीकडे औद्योगिक वसाहतीच्या पाट्या, आणि पाट्यांमागे बाभळी. बोलणी करायला नवरदेवाने जायचं नसतं, म्हणून साहेबराव छागल घेऊन फलाटावरच्या निंबाखाली बसला. मी आणि आबा पायी निघालो. रस्ता म्हणजे फुफाटा. गावात पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटली होती.

मुलीच्या आजोबांना सगळे नाना म्हणतात. ओसरीवर सतरंजी, चार-पाच माणसं, दाराआड बांगड्यांची किणकिण. पाणी आलं. मी तांब्या उंच धरून घटाघटा प्यायलो आणि दुसरा मागितला. मग चहा आला, तोही घेतला. आबांनी पाण्याला नुसता हात लावला.

मी बोललो. सभेत बोलतो त्यापेक्षा नीट बोललो. पत्रकातलं ते वाक्य लोकांना जागं करण्यासाठी होतं, त्याचा अर्थ तसा नाही, हेही सांगितलं. मुलीच्या काकांनी विचारलं, मुलंबाळं धड होतील का? मी खरं तेच सांगितलं. बहुधा होतील. पण मोजमापच ठेवलेलं नाही, त्यामुळे छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही. हा गुन्हा केंद्राचा आहे, साहेबरावचा नाही. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमतंय.

नाना इतका वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"भाऊ, तुम्ही शिकेल मानूस शेतस. एकच सांगा. त्यासना घर पानी पिनात का?" (तुम्ही शिकलेले आहात. त्यांच्या घरी पाणी प्यायलात का?)

मी आबांकडे पाहिलं. आबा सतरंजीकडे पाहत होते. मी म्हटलं, नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे, माझं पोट बिघडलं होतं, जळगावला शेवभाजी खाल्ली, वहिनींनी सांगितलं होतं की उकळलेलंच...

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नानांनी माझ्यापुढच्या रिकाम्या तांब्याकडे बोट केलं.

"आमनाकडे दोन तांब्या पिनात."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी आबांना पानाचं तबक पुढे केलं, पावसाची चौकशी केली, आणि विचार करून कळवतो म्हणाले. आबा उठले, रामराम केला. मुलीला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

परतीच्या फुफाट्यात आबा माझ्या पुढे चालत होते. मी दोनदा बोलायला गेलो. ते थांबले नाहीत, मागे वळले नाहीत. साहेबरावने लांबूनच वडिलांची चाल पाहिली आणि उठून उभा राहिला. काय झालं ते मलाच सांगावं लागलं. सगळं सांगितलं, तांब्यासकट. तो ऐकून घेत होता. मग मी त्याच्या खांद्यावरची छागल मागितली. तोंड लावून प्यायलो, शर्ट भिजेपर्यंत. पाणी गार होतं, कॅनव्हासचा वास येत होता.

त्याने मला थांबवलं नाही. पिऊन झाल्यावर छागल घेतली, बूच लावलं.

"आते काय उपेग, भाऊ? तठे पेवाले पाहिजे व्हतं." (आता काय उपयोग? तिथे प्यायला हवं होतं.)

बापलेक जळगावकडच्या गाडीसाठी थांबले. मी धुळ्याची एसटी धरली. धुळ्याच्या स्थानकावर पुण्याची गाडी लागेपर्यंत बाकावर बसून होतो. उरलेला गठ्ठा पायाशी. शेजारच्या बाईने त्यातला एक कागद विचारून घेतला आणि बाळाला वारा घातला.

पुण्यात बैठकीत मी हे सगळं सांगितलं. 'लग्न मोडलं' हा मजकूर जबरदस्त आहे, असं एकाने म्हटलं. नवीन पत्रक त्यावरच काढायचं ठरलं. मी ते लिहायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्याने लिहिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. केंद्रावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. खुंटीला बिल्ले टांगायला लावणारे कोण, त्यांच्या घुमटावर कोणाचा झेंडा आहे, हे मी अजूनही चौकात उभं राहून विचारतो. फक्त कोणाच्या गावाचं नाव लिहीत नाही. या लेखातली नावंही बदललेली आहेत.

पावसाळ्याच्या तोंडाशी सर पुण्याला आले होते. नरडाण्याकडून कधीच काही कळवलं गेलं नाही, ते म्हणाले. आणि साहेबराव ठेकेदाराच्या टोळीबरोबर परत केंद्रावर गेला. आबांनी अडवलं, अक्का रडल्या. सरांनी स्वतः फाट्यापर्यंत जाऊन समजावलं, पत्रकातलं सगळं पुन्हा वाचून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, सर, तिथे आम्ही सगळे एकाच माठातलं पाणी पितो.