कॅलेंडरमागची ओळ

देवरेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोटीला मुलीकडे होतो. पलीकडून त्यांची सून मनीषा बोलत होती. स्वतःचं नाव सांगून झाल्यावर तिनं आधी विचारलं, "काका, बसलेले आहात ना?" आणि मग बातमी सांगितली. माझे डोळे भरून आले, आणि खोटं कशाला सांगू, थोडं हसूही आलं... ही पोर कुणाच्या हाताखाली तयार झाली, ते त्या एका प्रश्नात कळत होतं. त्याला आता दीड महिना झाला.

शालिनी देवरे आमच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. गोष्ट नव्वदच्या दशकातली. द्वारका चौकापासून हाकेच्या अंतरावर आमची पाच मजली इमारत. पुढे एक जिना, मागे एक, दोन फाटकं आणि आत सव्वाशे फोन. या सगळ्या फोनांचा बाहेरच्या जगासाठी नंबर मात्र एकच. आतून कुणीही शून्य फिरवून बाहेर बोलावं, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळायचं की त्या इमारतीतून कुणीतरी बोलतंय. खुद्द बाईंच्या बोर्डावरही नुसता दिवा लागायचा. बोलणारा तळमजल्यावर आहे की गच्चीखाली, हे तो दिवा काही सांगत नसे. यात आम्हाला काही वावगंही वाटत नव्हतं, मागच्या बाजूच्या रेकॉर्डरूमला आग लागेपर्यंत.

तिथल्या शिपायानं अग्निशामक दलाला फोन केला, इमारतीचं नाव सांगितलं आणि रिसीव्हर टाकून तो आग विझवायला धावला. बंब लगेच आला, पण पुढच्या फाटकाशी. आग नेमकी कुठे आहे, हे कुणाला सांगता येईना. शोधाशोध करत माणसं मागच्या जिन्यानं वर पोचली तोवर शिपायाचे दोन्ही हात भाजले होते. तो वाचला. बाईंची त्यात काडीचीही चूक नव्हती. पण बंबावरच्या माणसानं त्यांना दोनदा विचारलं होतं, "बाई, फोन कुठून आला?" आणि दोन्ही वेळा त्यांना "माहीत नाही" म्हणावं लागलं होतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या आठवड्यापासून जेवणाच्या सुट्टीत बाई चार घास घाईनं खायच्या आणि लाल ऑइलपेंट, बारीक ब्रश घेऊन निघायच्या. प्रत्येक फोनमागच्या भिंतीवर त्या लिहायच्या: कुठला जिना, कितवा मजला, कितवं दार. शेवटची ओळ सगळीकडे सारखी, "घाबरू नका, मी लाइनवर आहे." सव्वाशे भिंती! लोक हसले. मीही हसलो, आणि वर चिडलो, कारण माझी बदली नुकतीच दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर झाली होती आणि भिंत नवीकोरी रंगवलेली होती.

"बाई, नऊ वर्षं आहे मी या इमारतीत. मला माझी खोली माहीत नाही का?"

"तुम्हाला आहे हो, जाधवसाहेब," ब्रश पुसत त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाला नसते."

त्या गेल्यावर मी त्या अक्षरांवर कॅलेंडर टांगलं.

तीनेक महिन्यांनी, भर दुपारी, माझ्यासमोर बसलेले पगारे बोलता बोलता खुर्चीवरून घसरले. चेहरा पांढराफटक, शर्ट घामानं चिंब. मी बाईंचा नंबर फिरवला.

"बाई, गाडी बोलवा, पगारे पडलेत!"

"कुठे आहात?"

"इथे... माझ्या खोलीत!"

"कुठला मजला, साहेब?"

"दुसरा! पुढचा जिना!"

आजही आठवलं की कानशिलं तापतात. तीन महिने मी चौथा मजला चढत होतो, पण भीतीनं माझी जीभ जुन्या खोलीत जाऊन बसली होती. बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "साहेब, समोर कॅलेंडर आहे का?"

"आहे."

"ते वर करा. खाली लिहिलंय ते वाचून दाखवा."

मी वाचलं. मागचा जिना. चौथा मजला. डावीकडचं तिसरं दार. दुसऱ्याच कुणाचा तरी पत्ता वाचतोय असं मला वाटत होतं. शेवटची ओळही मी तशीच मोठ्यानं वाचून टाकली, "घाबरू नका, मी लाइनवर आहे."

"आहेच," बाई म्हणाल्या. "आता पगारेंच्या शर्टाची बटणं सोडा."

गाडी आली ती थेट मागच्या फाटकातून. स्ट्रेचरच्या पुढे धावत आलेला वॉचमन धापा टाकत सांगत होता, "बाईंनी सांगितलं व्हतं सायेब, पुढं नाय थांबायचं, मागचं फाटक उघडं ठिवायचं." पगारे वाचले आणि निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोरच बसले. कॅलेंडर मी त्याच संध्याकाळी काढलं. ते तिथे आहे हे बाईंना कसं ठाऊक, असं मी पुढे एकदा विचारलं. "दर महिन्याला सगळ्या भिंती बघून जाते मी. तुमच्या कॅलेंडरचं पान नेहमी मागच्याच महिन्याचं असायचं," त्या म्हणाल्या. मग काढलं का नाही? "काढलं असतं तर तुम्ही पुन्हा लावलं असतं." माणसाला त्याच्या घाबरटपणासकट इतकं पुरतं ओळखणारं दुसरं कुणी मला आयुष्यात भेटलं नाही. मी त्यांच्याहून वरच्या हुद्द्यावर होतो, पण त्या दिवसापासून त्या समोर आल्या की आपोआप उठून उभा राहायचो.

घोटीहून परतल्यावर त्यांच्या घरी गेलो. मनीषानं चहा पुढे केला आणि सांगू लागली. त्या सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या तेव्हा घरात ती एकटीच होती. "फोन लावला, काका, अन् माझ्या तोंडातून नांदगावचा पत्ता यायला लागला. माहेरचा! मग भिंतीवरच्या आईंच्या कागदाकडं पाहिलं आणि नुसतं वाचत गेले." गाडी कुठेही न चुकता दाराशी आली. बाईंना दवाखान्यात चार दिवस मिळाले. मुलगा परगावाहून पोचला, त्याच्याशी बोलणं झालं. "सगळ्यांशी बोलून गेल्या," मनीषा म्हणाली.

फोनच्या वरती भिंतीवर तो कागद अजून चिकटवलेला आहे. लग्न होऊन मनीषा या घरात आली त्याच आठवड्यात बाईंनी तो लावला होता. आता पिवळा पडलाय. तीच लाल, सरळ अक्षरं. गल्ली, वळण, कितवं दार. नजर सवयीनं शेवटच्या ओळीवर गेली आणि मी थबकलो. तिथे ती सव्वाशे भिंतींवरची ओळ नव्हती. हा कागद वाचायची वेळ येईल त्या दिवशी आपण लाइनवर नसू, हे बाईंनी तेव्हाच, इतक्या वर्षांपूर्वी, शांतपणे गृहीत धरलं होतं. वाचणारी कोण असेल, हेही. त्यांनी लिहिलं होतं, "घाबरू नकोस, मनीषा. फाटकाची कडी काढ आणि रस्त्यावर जाऊन उभी राहा."