शालनला न दिलेला सांगावा

भूतखेत, हडळ, मुंजा... असलं काय मी कदी मानलं न्हाई. मसणवाटंच्या कडंनं, दिस मावळल्यावर, डोस्क्यावर वैरनीचा भारा घिऊन येकटी आलेली बाई हाय मी. काय दिसलं न्हाई. बघाय येळच कुठं व्हता! माजी सून दुपारची फोनवर ह्या तुमच्या गुरुपातल्या लोकांचं अनुभव मोठ्यानं वाचती, तवा मी हसते. म्हनते, ह्यास्नी कामं न्हाईत. तर परवा तीच म्हनली, "आत्ती, दुसऱ्याला हसताय, मग आपल्या घरातलं ते काय हाय ते सांगा की."

म्हनून सांगतीया. मी दुसरीपतूर शिकले. मी बोलते, फोन लिवतो, चुकलं तर सून नीट करती.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं. एका भिंतीच्या दोन अंगाला दोन घरं. हिकडं मी, तिकडं माजी धाकली जाऊ, शालन. आदी ते एकच घर व्हतं — म्होरं ओटा, मग सोपा, आत माजघर, मागं परडं. माजं मालक थोरलं. दिनकरभावजी धाकलं, शालनचं मालक. दोघं भाऊ मिल्ट्रीत, आन दोघंबी एकाच डिव्हिजनमधी. डिव्हिजन म्हंजी लय पलटनींची मिळून एक मोट. भावजी रायफलवालं. माजं मालक लंगरात... सैपाकी.

एकाहत्तरची लढाई लागली तवा ती डिव्हिजन बंगालच्या अंगाला, नद्या वलांडत गेली. मालक माघारी आलं. भावजी आलं न्हाईत.

आता ह्या वयात लपवून काय करू — मी शालनवर जळले. येक-दोन वर्सं न्हवं, पन्नासावर. शाळंच्या गेटावर भावजींचं नाव. झेंडावंदनाला शालन खुर्चीवर, मी खाली चटईवर. तिला शाल, नारळ, फोटू. वरनं मला हाक, "आक्का, माजा चष्मा दे गं." मी उठून देनार. आन माज्या मालकाला पारावरची मानसं काय म्हनायची? "काय तात्या, लढाईत काय केलं? चपात्या लाटल्या?" ते हसायचं. म्हनायचं, "लाटल्या की. खानाऱ्यांनी लढाई केली." म्होरं गुडघं गेस्तवर कुपवाडला कारखान्याच्या कँटीनात सैपाक केला, आन खाटंवर मेलं. मातीला भावकी आली, बस. मेलेला मोठा झाला आन जगलेला सैपाकीच ऱ्हायला. मी त्येंच्या फोटूला हार घालताना मनात म्हनायची, शालनचं नशीब माज्यापरीस चांगलं. नवरा जित्ता आलेली बाई आसं म्हनती... लाज वाटती, पन म्हनायची.

आता त्या दिवसाचं. त्याच्या आदी येक सांगाय पायजे, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई. आमच्या येळंला जवान पोरगा आईबापाम्होरं सवताच्या बायकूशी बोलत नसं. सुट्टीवर दोन म्हयन्यांसाठी आला तरी दिवसा न्हाई. बोलायचं ते वैनीशी. शालन दोन हातांवर चुलीपुढं बसलेली आसली तरी भावजी मलाच म्हनायचं, "वैनी, म्हनावं टावेल कुठं ठिवलाय?" मी शालनकडं बघायची, ती लाजून उठायची. पत्रबी सासऱ्याच्या नावावर. शेवटाला वळ आसायची, "वैनींना नमस्कार, त्यांनी सर्वांना सांगावे मी खुशाल आहे." सर्वांना म्हंजी कुनाला ते मला बराबर कळायचं! त्या दोघांचं पोस्ट म्हंजी मी. माज्या मालकाचं तसलं काय नव्हतं. ते ना मला काय सांगायचं, ना कुनाकरवी सांगावा धाडायचं. जेवायला वाढ, बस.

तर तो बेस्तरवार व्हता. शेजारच्या गावचा बाजार, सासरं बाजाराला गेल्यालं. सासू ओट्यावर उनाला बसल्याली. मी सोप्यात जुंधळं निवडत व्हते. शालन मागं परड्यात उखळात मिरच्या कांडत व्हती. नव्या नवरीचा हात, कोपरापतूर हिरव्या बांगड्या... मुसळाबरोबर नुसत्या वाजत व्हत्या. माज्या हातात दोन्हीकडं येक येक उरली व्हती, बाकीच्या रानात फुटल्या. त्यो आवाज माज्या कानात जात व्हता आन मी खडं वेचत व्हते.

उंबऱ्यात सावली पडली. बघते तर दिनकरभावजी. खाकी कापडं, अंगाला चिखल वाळल्याला, दाढी वाढल्याली. सासूच्या अंगावरनं आत आलं, तिनं मान बी हलिवली न्हाई. मला वाटलं सुट्टी झाली, लढाई संपली. मी पदर घेतला.

"आवं भावजी! कवा आलासा? आन हे? हे आलं न्हाईत?"

त्येंनी माज्या मालकाचं काय सांगितलं न्हाई. मागच्या दाराकडं बघत व्हतं. मग म्हनलं, नेमीसारखंच, हळू आवाजात, "वैनी, तिला म्हनावं, बांगड्या तशाच ऱ्हाऊ दे."

"बरं," म्हनलं. "बसा, पानी आनते."

माजघरातनं तांब्या भरून आनला. सोप्यात कोन न्हाई. ओट्यावर गेले. "आत्ती, भावजी कुठं गेलं?"

"कोन भावजी?"

"आवं दिनकरभावजी. आत्ता आलं न्हवं का?"

सासूनं माज्याकडं आसं बघितलं... "याड लागलंय व्हय गं? लढाई चाललीया तितं, आन ह्या बयेला दिनकर दिसतोय. जा, कामं कर."

मी गेले. परड्याच्या दारात जाऊन हुबी बी ऱ्हायले. शालननं वर बघितलं, घामानं कपाळाचं कुक्कू वघळल्यालं. "काय आक्का?" म्हनली. माज्या तोंडाम्होरं आलं व्हतं. पन मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बघा, भावजींनी सांगावा काय धाडलाय — बायकूला रानात लावू नगासा, तिच्या बांगड्या फुटतील! माजं हात दगड झालं त्येचं कुनाला काय न्हाई. माजा मानूस त्याच लढाईत हाय, जित्ता हाय का मेलाय म्हाईत न्हाई, त्येचा येक सबूद न्हाई. आन भास झाला तरी मला हिच्याच नवऱ्याचा व्हावा, त्यातबी हिच्याच बांगड्या?

"काय न्हाई," म्हनलं. "मिरच्या बारीक कांड."

आठवडा गेला, न गेला. तार आली. सासू जिमिनीवर पडली. भावकीतल्या बाया जमल्या. रीत व्हती तवा, काय विचारता... थोरली जाऊ म्हनून मला म्होरं केलं. शालनचा हात उंबऱ्यावर धरला कुनीतरी, माज्या हातात वरवंटा दिला. आन मी फोडल्या. दोन्ही हातांच्या. तिसरी का चौथी फोडताना मला ते आठवलं — तशाच ऱ्हाऊ दे. माजा हात थांबला. बाया म्हनल्या, "आगं आवर, किती येळ तिला तसं ठिवतीस?" मी आवरलं.

तवा बोलायचं व्हतं. पन काय बोलू? आदीच म्हाईत व्हतं तर सांगितलं का न्हाई, आसं सगळी म्हनली आसती. करनीवाली म्हनली आसती. म्होरं भ्या गेलं, तरी बोलले न्हाई. ते भ्यापायी न्हवं. मग तिला शाली यायला लागल्या, नारळ यायला लागलं, आन मला वाटाय लागलं, समदं हिचं हाय, मग हे येक ऱ्हाऊ दे माजं. भावजी मेल्यावर आलं ते माज्याकडं आलं. तिला न्हाई दिसलं. शालन खुर्चीवर बसली की मी चटईवर बसून हेच चघळायची. गोड लागायचं मला.

औंदा दिवाळीच्या आदी येक रिटायर सायेब आलं. त्या डिव्हिजनचा लढाईतला इतिहास लिवत्यात म्हनं. संगं फाईल, नकाशा, चांगलं मराठी बोलनारं. शालनच्या सोप्यात बसलं. भावजींचा फोटू मागितला, सभाव कसा, पत्रं हायत का... तासभर. मी चा केला, कपं दिली. शेवटाला मी धीर करून म्हनलं, "सायेब, माजं मालकबी त्याच डिव्हिजनमधी व्हतं. लंगरात. त्येंचं नाव येईल का वो पुस्तकात?"

सायबांनी फाईल मिटली. चांगला मानूस, खोटं बोलवंना त्येंना. "आजी, लढलेल्या तुकड्यांचं आहे हे प्रकरण... बघतो मी. प्रयत्न करतो."

आन शालन म्हनली, हसत म्हनली, "आक्का, तुजा मानूस घरी आला न्हवं? आनि काय पायजे तुला?"

वाईट मनानं म्हनली नसंल. पन माज्या पोटात पन्नास वर्साचं जे काय व्हतं ते वर आलं.

"तुजाबी आला व्हता," म्हनलं मी.

कप खाली ठिवला आन सांगितलं. बेस्तरवार, सोपा, पानी, बांगड्या. वरवंट्याचंबी सांगितलं. शालन माज्या तोंडाकडं बघत व्हती, पापनी लवत नव्हती. सायबांनी फाईल उघडली, पानं उलटली, बोट ठिवलं. म्हनलं, "आजी, तारेत फक्त तारीख असते. आमच्या नोंदीत वार आणि वेळ आहे. बुधवारी पहाटे, नदीच्या पलीकडच्या काठावर... तुम्ही गुरुवारी दुपारी म्हणता?"

"बेस्तरवारीच. बाजार व्हता."

"म्हणजे दीड दिवसानंतर."

मला आजवर वाटायचं, जीव गेला त्या घडीला आलं आसतील. तसं न्हाई. मग त्यो दीड दिवस कुठं व्हतं भावजी? मी काय बोलायच्या आत शालन म्हनली, "सुट्टीवर येताना चार दिस लागायचं वो सायेब. त्या खेपंला लवकर आलं." आन पदर तोंडाला लावला. हसली का रडली, मला कळलं न्हाई.

सायेब गेल्यावर मी म्हनलं, "शालन, माज्या हातनं पाप झालं. आता विधवेच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत म्हनून ग्रामसभेनं बी ठराव केलाय. बांगड्या भर तू."

"आता?" हाताकडं बघितलं तिनं. "ह्या लाकडाला? तवा भरायच्या व्हत्या त्या." आन दार लावून घेतलं.

आठ दिस भिंतीपलीकडनं आवाज न्हाई. मी म्हनलं संपलं, ही आता माज्या मातीलाबी यायची न्हाई. नवव्या दिशी दुपारी आली आन माज्या सोप्यात बसली.

"कसा दिसत व्हता?"

सांगितलं.

"दाढी केवढी?"

"चार-आठ दिसाची."

"माज्याकडं बघितलं का?"

"परड्याच्या दाराकडं बघत व्हता. तुज्या बांगड्या वाजत व्हत्या न्हवं."

"मला सपनात बी आला न्हाई गं आक्का," म्हनली. "येकदाबी न्हाई. आन तुला दिसला." तवा मी तिचं डोळं बघितलं. जळनाऱ्या बाईचं डोळं कसं आसत्यात ते मला कुनी शिकवाय नगं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

तवापासनं रोज दुपारी येती. पुन्ना सांग म्हनती. मी सांगते. कर्जासारखं फेडतीया म्हना. पन गंमत बघा... म्हयन्याभरात ती सवताच दुसऱ्यास्नी सांगाय लागली. देवळात, दळनाला गेल्यावर. "आमच्या ह्येंनी मला सांगावा दिला व्हता, बांगड्या तशाच ऱ्हाऊ दे म्हनून." त्यात मी कुठंच न्हाई! झालं, तेबी तिचंच झालं. मला राग आला, गिळला. तिच्या बांगड्या फोडल्या त्या मीच, मला रागवायचा हक्क न्हाई.

गेल्या आठवड्यात त्या सायबांचा फोन आला. शालननं माज्या सोप्यातच बसून, आवाज मोठा करून घिऊन समदं सांगितलं त्येंना. सांगता सांगता म्हनली, "आन बूट हातात व्हतं वो. दोन्ही. नाड्या येकात येक बांधल्याल्या, आन पाय वलं. सारवल्याल्या भुईवर पावलं उठली व्हती."

माज्या हातातलं सूप खाली पडलं.

बूट हातातच व्हतं. पाय वलंच व्हतं. पन हे मी तिला सांगितलं नव्हतं. सायबाला न्हाई, मालकाला न्हाई, सुनेला न्हाई. तुमालाबी वर सांगितलं न्हाई बघा. तेवढं येक मागं ठिवलं व्हतं, माज्यापुरतं.

फोन ठिवल्यावर मी विचारलं, "शालन, बुटाचं तुला कुनी सांगितलं?"

"तूच की आक्का," म्हनली. "म्हातारी झालीस. इसरतीस." आन सूप उचलून माज्या हातात दिलं.

इसरले आसंन. सून बी तसंच म्हनती. पन मी जे पन्नास वर्सं कुनाला दिलं न्हाई, ते मी इसरून दिईन का? मग रातचा नुसता इचार येतो. मी पानी आनायला माजघरात गेले, तेवढ्यात ते कुठं गेलं? पावलं कुठं गेली ते मी तवा बघितलं न्हाई. सोप्यातनं परड्यात जायला माजघराशेजारनं बोळ हाय. गेलं का ते तिकडं? शालननं बघितलं का त्यास्नी, आन मी दारात गेले तवा "काय आक्का?" म्हनून माज्याच तोंडाकडं बघत बसली? मग इतकी वर्सं गप ऱ्हायली, ती का? आन मला रोज रोज पुन्ना सांग म्हनती, ती कशापायी?

तिच्याशी काय बोललं भावजी? दिवसा, आई ओट्यावर आसताना बोललं आसतील का? काय कळत न्हाई. तुमच्यातल्या शिकल्या-सवरल्यांना कळलं तर बघा.

शालनला विचारून उपेग न्हाई. ती सांगायची न्हाई. मी तिच्या जागी आसते तर मीबी सांगितलं नसतं.