अध्यक्षांचा चुकलेला बॉल

"ए, बॉल ठेव की परत. तुझा बाप ठेवायचा, त्याला कधी जड गेलं न्हाई."

नांदेडच्या क्लबचा वर्धापनदिन. खुर्च्या भरलेल्या. बोलणारे क्लबचे अध्यक्ष, वयानं माझ्याहून लहान. मी केस पिकलेली, त्यांना 'अहो' म्हणणारी.

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारता, आजी स्नूकरमध्ये कितवी? ज्येष्ठ महिलांच्या क्रमवारीत तळाशी. बहुतेकदा पहिल्याच फेरीत हरते. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून हाच माझा व्यवसाय. स्पर्धा खेळायच्या, मुलींना शिकवायचं. क्लबनं सकाळी सरावाला टेबल दिलं होतं. त्या बदल्यात वर्धापनदिनाला अध्यक्षांशी सामना.

तुमचे पणजोबा याच क्लबात मार्कर होते. गुण मांडायचे, खडू द्यायचा, बॉल लावायचे. आणि एक रीत होती. बड्या सभासदाचा नेम चुकला की मार्करनं गुपचूप बॉल उचलून आधीच्या जागी ठेवायचा. साहेब पुन्हा मारणार. चूक झालीच नाही. बाबा ठेवायचे. घरी आले की आधी हात घासून घासून धुवायचे.

त्या दिवशी शेवटचा काळा बॉल उरला होता. पॉकेटमध्ये घालील तो जिंकेल. अध्यक्षांचा नेम चुकला, काळा पॉकेटच्या तोंडाशी थांबला. पाळी माझी. तेव्हा ते वाक्य आलं. मागून कुणीतरी हसलं, "ठेवा हो मॅडम, खेळच हाय."

हात पुढे गेला माझा. खरंच गेला. इतक्या वर्षांचं इंग्रजी, पेन्शन, तुमच्या आईबापांच्या परदेशातल्या नोकऱ्या. त्या हाताला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बोट टेकायच्या आत मी तो मागे घेतला. क्यूची काठी धरली. काळा घातला.

टाळी एकही नाही.

"मार्करची पोर ती मार्करचीच," अध्यक्ष म्हणाले.

"हाव," मी म्हणाले. "त्यांचीच."

दुसऱ्या दिवशी टेबल बंद. सेक्रेटरीचा फोन. "मॅडम, साहेब लई चिडून राहिले. एकदा सॉरी म्हणा, टेबल तुमचंच."

आता बसनं लातूरला जाते, रफिकभाईंच्या स्नूकर पार्लरमध्ये. टेबल जुनं. "आपा, कपडा घासलाय," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "बॉल सरळ जात न्हाई, उदगीरकडं वढतो." येण्याजाण्यात कंबर धरते. सराव निम्म्यावर आलाय. येत्या स्पर्धेत बहुधा पुन्हा हरेन. क्रमवारीतून नावही जाईल.

जाऊ दे. सॉरी मी म्हणणार नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या एकाही मुलीला म्हणू देणार नाही.