सहा जिनसा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार. लातूर जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढचा उन्हाळा. दवाखान्याच्या टेबलावर आईच्या अंगावरच्या सहा जिनसा होत्या, तिच्या भाषेत डाग, म्हणजे दागिने: कानातली फुलं दोन, चांदीचे गोट दोन, अंगठी एक, गळ्यातली चांदीची डबी एक. हजर तिघे: कारकून, सिस्टर आणि मी. यादी दोनदा ताडून मी सही केली.

आमच्या रेणापुरात विहिरी आटल्या होत्या, टँकरचं पाणी पिऊन गल्लीत गॅस्ट्रो झाला होता. आईला साथीच्या वॉर्डात ठेवलं. नातेवाइकांना आत मज्जाव. तिचं लुगडं जाळलं, जिनसा मला दिल्या. शेवटच्या बसने घरी जाऊन त्या मी ट्रंकेत ठेवल्या, कुलूप लावलं.

मंगळवारी खिडकीच्या काचेतून पाहिलं तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. हाक मारली. वळली नाही. सिस्टर दारातूनच तिच्याशी बोलायची. कॉटजवळ फक्त सलाईन बदलायला जायची. तुमची आई हट्टी आहे, पाण्याचा थेंब घेत नाही, असं ती मला सुनावत होती. मीही ऐकून घेतलं नाही. तुम्ही माणसाशी माणसासारखं बोला, मग घेईल, असं म्हणालो. त्यानंतर तिने मला काही सांगायचंच सोडलं.

बुधवारी डॉक्टर म्हणाले, सुईला शीर सापडेना; उद्यापर्यंत तोंडाने पाणी गेलं नाही तर आमच्या हातात काही नाही.

आत झाडलोट करणारी आयाबाई बाहेर आली. काम झालं की ती आईच्या कॉटपाशी बसायची, हात धरून. वॉर्डात दुसरं कुणी तिला शिवत नव्हतं.

"सगळे म्हणतेत म्हातारीला भ्रम झालाय. भ्रम न्हाई, मालक. माझा देव लेकानं नेला, असंच म्हणून राहिली. आम्ही बौद्ध, आमच्यात हे न्हाई. तुमचा देव कुठं ठिवलाय ते तुम्ही बघा."

आम्ही लिंगायत; त्या डबीत आईचं इष्टलिंग होतं. लग्नाआधीपासून तिच्या गळ्यातलं. ते अंगावर नसताना पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोराला माहीत. मी कॉलेजात गेल्यावर माझं काढून ठेवलं होतं. डबी मीच करून घेतलेली, साडेतीन तोळ्यांची; यादी ताडताना मला तेवढंच दिसलं.

दुपारच्या बसने गेलो, संध्याकाळच्या बसने आलो. सिस्टर म्हणाली, आत गेलेली वस्तू फिनेलमध्ये बुडवल्याशिवाय बाहेर येणार नाही. मी कबूल केलं. आयाबाईच्या हातात डबी दिली आणि सवयीने पावती मागितली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "अंगठा देऊ का, मालक?"

मी मान खाली घातली. ती आत गेली.

काचेतून दिसलं. आयाबाईने आईला पाठीला हात देऊन बसवलं. आईने लिंग डाव्या तळहातावर घेतलं, पेल्यातलं पाणी बोटांनी त्यावर सोडलं, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग पेला तोंडाला लावला. अर्धा संपला. थांबून उरलेलाही संपवला. तीन दिवसांत पहिल्यांदा ती खिडकीकडे वळली. आवाज खोल गेला होता, पण ऐकू आला.

"डागात मोजलंस व्हय रं?"

पुढचे पाच दिवस रोज खिडकीशी उभा राहिलो. ती आयाबाईशी बोलायची, कधी हसायची. मी दिसलो की गप्प.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी तिने लिंग पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातलं. मरेपर्यंत ते तसंच फडक्यात राहिलं. रिकाम्या डबीला फिनेलचा वास येत होता. ती तिने आयाबाईपुढे धरली. बाई नको म्हणत मागे सरली.

"माझ्यापाशी बसलीस, त्याची हाय. आता ह्यात काही न्हाई. नुसता डाग हाय."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी घ्या म्हणालो.

साडेतीन तोळे चांदी, आयाबाईला. पावती घेतली नाही.