बेंदराच्या दिवशीचा गवा

"गेट कुणी लावलं?" मी जीपमधून उतरता उतरता विचारलं.

"मीच लावलं," कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले. हे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना सरच म्हणतात. "का? चुकलं काय?"

चुकलंच होतं. खानापूर रोडवरच्या त्या नव्या कॉलनीत सकाळी आठला एक गवा उघड्या गेटमधून आत आला होता आणि सरांनी त्याच्या मागे गेट लावून घेतलं होतं. आत साठ घरं, चारी बाजूंनी कंपाउंड आणि बाहेर पडायची वाट एकच. मी वनखात्याची पशुवैद्य आहे. वन्य प्राणी वस्तीत शिरला की फोन मला येतो. लोक घाबरून पळतात, दगड मारतात, फटाके लावतात, ते सगळं मी पाहिलेलं होतं. पण इथं कुणीच घाबरलेलं नव्हतं. बायका आरतीची ताटं घेऊन ओळीत उभ्या होत्या. होय, ओळीत. आमच्या बेळगावची माणसं शिस्तीची.

त्या दिवशी बेंदूर होता. आमच्याकडे ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांची पूजा होते. कॉलनीत बैल कुणाकडेच नाही, म्हणून दरवर्षी मातीची जोडी पुजतात. यंदा खराच आला होता.

"बेंदराच्या दिवशी साक्षात नंदी, बसवण्णा दारात आलाय, डॉक्टरबाई," सर म्हणाले. "पूजा न करता तसाच धाडायचा व्हय?"

गवा बागेसाठी सोडलेल्या प्लॉटमध्ये, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभा होता. तरणा नर, आठ-नऊशे किलोचा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. पाठीवर हळद पडलेली. कुणीतरी गच्चीवरून टाकली होती. लांबून शांत दिसत होता. जवळून तोंडाला फेस दिसला. बरगड्यांवरची कातडी थरथरत होती. श्वास मोजले, ते फार जलद होते.

गवा अंगानं दांडगा आणि काळजानं भित्रा. खूप पळवला, घेरला, घाबरवला की त्याचे स्नायू आतून निकामी होतात आणि त्यातून सुटलेलं विष रक्तात उतरतं. अंगावर ओरखडा नसतो. त्याच दिवशी मरतो, नाहीतर दोन-तीन दिवसांनी रानात जाऊन मरतो. यावर औषध म्हणावं असं काही नाही.

वनखात्यातल्या माझ्या साहेबांचा फोन आला. "डार्ट मार. ट्रक पाठवतोय. टीव्हीवाले निघालेत, त्यांच्या आधी उरक."

डार्ट म्हणजे भुलीचं औषध भरलेली सुई. ती बंदुकीतून मारतात.

"साहेब, तो आधीच दमलाय. भूल दिली तर उठणार नाही."

"आणि कुणाला शिंग लावलं तर? सही तू करणार?"

"दोन्हीकडं सही माझीच आहे, साहेब. एक तास द्या."

"अर्धा देतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन वर्षांपूर्वी असाच एक गवा मी डार्ट मारून ट्रकमध्ये चढवला होता. टाळ्या पडल्या होत्या. तो अर्ध्या वाटेत माझ्या हाताखाली गेला. डोसचं माझं गणित चुकलं नव्हतं. गवा जगायला गणित बरोबर असून भागत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले.

मी ओळीसमोर उभी राहिले आणि चढ्या आवाजात बोलले. "हा बैल नाही, गवा आहे. रानटी जनावर. सगळे घरात जा."

सर शांतपणे म्हणाले, "बाई, नंदी तरी कुणी गोठ्यातला पाहिलाय?"

मी आणखी चिडले. ताटं हलली नाहीत. भ्यालेल्या माणसाला हाकलता येतं. हात जोडून उभ्या माणसाला कसं हाकलायचं, हे आम्हाला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

तेवढ्यात ओळीतल्या एक म्हाताऱ्या बाई माझ्याजवळ आल्या. पद्माक्का. निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातल्या, लेकाकडं राहायला आलेल्या. हातात ताट नव्हतं, नुसती चष्म्याची डबी.

"आरडू नको गं. जनावर आवाजानंच मरतंय. त्याचं काळीज फुटायला लागलंय न्हवं?"

"होय, आक्का."

"मग ह्यास्नी ज्ञान नको सांगूस. आज कर तोडायची हाय. करंच्या वाटंत कोण उभारतंय?"

कर म्हणजे पानं बांधलेला दोर. बेंदराला तो गावच्या वेशीत आडवा बांधतात आणि बैल पळत येऊन तोडतात. त्या वेळी वेशीत चिटपाखरू नसतं. सगळं गाव कडेला, माळवदावर. गेल्या आठ-दहा वर्षांत मी कर तोडताना पाहिली नव्हती, पण लहानपणी आजोळी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली होती. ती मला का सुचली नाही?

आक्का सरांकडं वळल्या. "हेडमास्तर, पूजा लांबनं बी पोचती. बसवण्णाला कर तोडू दे. गेट उघडा आन् माणसं वर धाडा."

सरांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "हे खरं," ते म्हणाले. "हे आमच्या ध्यानातच आलं न्हाय." त्यांचा हात कॉलनीच्या भोंग्याच्या माईककडं गेला. मी तो धरला.

"ग्रुपवर टाका, सर. आवाज नको."

व्हॉट्सॲपवर निरोप गेला. दहा मिनिटांत गेट उघडं, रस्ता मोकळा. ताटं गच्च्यांवर गेली. आक्कांना गेटमध्ये आंब्याच्या पानांचा दोर आडवा हवाच होता. मी नाही म्हटलं, हलता दोर पाहून तो बुजेल. शेवटी दोर जमिनीवर टाकला.

"भुईवरची कर कोण तोडतंय?" आक्का पुटपुटल्या, पण मानल्या.

मी साहेबांना ट्रक बाहेरच्या वळणावर थांबवायला सांगितलं आणि फोन बंद केला. नोकरीतला माझा तो पहिला बंद फोन. गाडीमागं बसून मी गव्याचे श्वास मोजत राहिले. साठ घरं, दोनशे माणसं, आणि कुकरची शिट्टीसुद्धा नाही. चाळीस मिनिटांनी त्याची मान खाली आली. मग तो टाकीपासून सुटला, रस्त्यावर आला, दोन घरांसमोरची तुळस हुंगली आणि चालत गेटकडं गेला. पळाला नाही. दोर ओलांडून समोरच्या उसात शिरला. वर दोनशे माणसांचे हात जोडलेले होते. माझेही जोडले गेले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

टीव्हीवाले पोचले तेव्हा दाखवायला शेणाचा एक पो होता.

पण माझं काम संपलं नव्हतं. तो तीन दिवसांत मेला असता तर हे सगळं नाटकच ठरलं असतं. आमचा गार्ड यल्लाप्पा लांबून माग काढत होता. पहिल्या दिवशी ठसे खानापूरच्या बाजूला रानात गेले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीच नाही. मला जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला.

"बाई, वड्याला पाणी पिलाय. ताजं शेण हाय. कळपात मिसळलाय वाटतं."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

कर तोडायच्या नावाखाली त्या लोकांना मी फसवलं का, याचा विचार नंतर बरेच दिवस केला. मला वाटतं, फसवलं नाही. त्यांच्याकडं गव्याला वाट द्यायची रीत होती, माझ्याकडं नुसती माहिती होती. ती रीत काढून दिली आक्कांनी, आणि रिपोर्टात त्यांच्या नावासाठी रकाना नाही.

आठवड्यानं साहेबांनी माझा रिपोर्ट परत पाठवला. 'उपचार' या रकान्यात मी लिहिलं होतं : माणसं बाजूला केली. त्याखाली त्यांचा लाल पेनानं शेरा होता : डोस लिहा.

मी लिहिला : दोनशे.